कुसुमनं नवऱ्याचं नाव घेतलं

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही पुरता नाही. आमच्या मौद्याला चौकात कोणी उतारा टाकला की लोक वळसा घालून जायचे. मी त्यातला नारळ उचलून आणायची आणि चटणी करायची... सासूबाई ओरडायच्या, मग चटणी खायच्याही. तेव्हा मला भित्री समजून हे वाचू नका. मी काय पाहिलं आणि काय केलं तेवढंच लिहिते. शाळा चौथीपर्यंत, बाकी वाचून वाचून शिकले, म्हणून चुका सांभाळून घ्या.

साल एकाहत्तर की बहात्तर. आमच्या घरी शेती नव्हती, ह्यांचं किराणा दुकान होतं. पोळ्याच्या तीन दिवस आधी माझी नणंद कुसुम रामटेकजवळच्या सासरहून एकटीच एस.टी.नं आली. हातात पिशवीसुद्धा नाही. न्हाणीत तिची पाठ चोळून द्यायला बसले तेव्हा पाहिलं — बैल हाकायची तुतारी असते ना, टोकाला खिळा ठोकलेली काठी, तिचे वळ मानेपासून कमरेपर्यंत. काही सुकलेले, काही ओले. एका कानाची पाळी फाटून दोन झाल्या होत्या. नवऱ्याचं नाव दशरथ. त्याला मारायला कारण लागायचं नाही, आणि तोंडानं शिव्या इतक्या की शेजारी दारं लावून घ्यायचे. मुकाट्यानं त्यानं कधी मारलं नाही, हे लक्षात ठेवा.

मी घरात सांगितलं, हिला परत पाठवायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, पोरगी माहेरी बसली तर लोक काय म्हणतील, पोळा होऊ दे, मारबत झाली की दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ पोचवून देईल. आमचे हे खाली मान घालून जेवत राहिले. संपलं... ठरलं.

पोळ्याच्या दिवशी आम्ही दोघी चुलीपाशी पुरणपोळ्या लाटत होतो. कुसुम म्हणाली, "वयनी, आज बैलालेही मारत नाहीत. मी बैल असती तं एक दिवस सुट्टी भेटली असती."

हसत म्हणाली हो. मला काय झालं कोणास ठाऊक. पोळ्या डब्यात भरल्या, पितळेच्या फिरकीच्या तांब्यात पाणी घेतलं, सासूबाईंना सांगितलं की लकडगंजची माझी मावशी आजारी आहे, आणि अर्ध्या तासात कुसुमला घेऊन नागपूरच्या गाडीत बसले. मावशी ठणठणीत होती.

आता कोणी विचारलं की नागपूरला अचानक दोन दिवस गेलं तर काय करावं, तर माझं ठरलेलं आहे. आधी महाराजबागेत वाघ पाहायचा. मग सीताबर्डीवर चालत जायचं, घ्यायचं काही नाही पण भाव सगळ्याचे विचारायचे. रिक्षावाल्याशी भांडून लकडगंजला परत. सकाळी उठलं की तर्री-पोहे, तर्री म्हणजे तिखट रस्सा, तो दोनदा मागायचा, लाजायचं नाही. आम्ही हे सगळं केलं. कुसुमनं वाघाकडे बघून विचारलं, "याची बायको कुठी हाये वं?" आणि पोहे खाताना तिच्या नाकातून पाणी वाहू लागलं तरी ती आणखी तर्री मागत होती. माहेरी आल्यापासून पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

राहता राहिली मारबत. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते — पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू-कागदाच्या मोठ्या राक्षसिणी करतात, एक काळी, एक पिवळी, आणि मिरवत नेऊन गावाबाहेर जाळतात. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि सोंगं घेतलेली माणसं. लोक ओरडतात — खोकला, खरूज, महागाई, सगळं घेऊन जा गे मारबत! ज्याला जे छळतं त्याचं नाव. एकच नेम, जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. पुढाऱ्यांचं लोक घेतात, ते वेगळं.

इतवारीत एका बंद दुकानाच्या ओट्यावर आम्ही उभ्या होतो. बाराच्या सुमाराचं ऊन. काळी मारबत वळणावर आली आणि सगळा रस्ता ओरडायला लागला. मी सासूबाईंच्या गुडघेदुखीला पाठवलं. कुसुमला म्हटलं, तू पण ओरड, मन मोकळं कर. हे मी म्हटलं. ही माझी चूक.

आमच्यात तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. उखाण्यात घेतलं तेवढंच. सात वर्षांच्या संसारात कुसुमच्या तोंडून मी ते ऐकलं नव्हतं. तिनं पदर खोचला, आणि तिच्या अंगात मावणार नाही इतक्या मोठ्या आवाजात ओरडली —

"दशरथाले घेऊन जा गे मारबत!"

शेजारच्या बायका हसल्या. एकीनं विचारलं, कोण वं हा, सावकार का? कुसुम म्हणाली, "माहा नवरा." तशा त्या थोड्या बाजूला सरकल्या.

मग तो आला. गर्दी ज्या बाजूला चालली होती त्याच्या उलट, सरळ आमच्याकडे. धोतर, पोळ्याची नवी टोपी, हातात तुतारी. मला पहिल्यांदा वाटलं, हा आमच्या मागावर आला. त्यानं कुसुमची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिला ओट्यावरून खाली ओढलं. तिचं तोंड दगडावर आपटलं, दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. मग तो मारत राहिला, पाठीवर, डोक्यावर, तिनं डोक्यावर धरलेल्या हातांवर. एक शब्द बोलला नाही. श्वाससुद्धा चढला नाही त्याचा. आणि लोक हसत होते! त्यांना ते मारबतीतलं सोंग वाटलं. एकानं शिट्टीसुद्धा मारली.

मी ओरडून पाहिलं, कोणाला ऐकू जाईना. माझ्या हातात फिरकीचा तांब्या होता, भरलेला. मी उतरले आणि त्याच्या डाव्या भुवईवर हाणला. त्यानं वेणी सोडली. खोटं कशाला सांगू — तिथं थांबायला हवं होतं. मी आणखी दोनदा हाणला, त्याच जागी. तिसऱ्या वेळी हाड आत गेल्याचं हाताला कळलं. रक्त माझ्या तोंडावर उडालं, गरम होतं. तो मागे कोसळला आणि वरून मारबतीची गर्दी आली. शेकडो पाय. मी कुसुमला कवटाळून ओट्याला चिकटून बसले.

गर्दी सरली. रस्त्यावर कोणी नव्हतं. टोपी नाही, तुतारी नाही, रक्ताचा डागही नाही. पण कुसुमचे दोन दात माझ्या पदरात होते आणि तांब्या एका बाजूनं चेपला होता.

मावशीकडे डॉक्टर बोलावून कुसुमच्या गालाला टाके घातले. मी पोलिसांची वाट पाहत बसले. माणूस मारला होता मी... निदान माझी तशी खात्री होती. कुसुम मला चिकटून पडली होती. फक्त एवढंच म्हणाली की त्याला नेहमीचा दारूचा वास येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मौद्याला उतरलो तर दारात दशरथाचा चुलतभाऊ. तो सांगत होता — काल भरदुपारी दशरथ गावच्या पारावर पत्ते खेळत बसला होता, दहा-बारा माणसांत. खेळता खेळता मान वर करून ओ दिली. मग पानं हातात तशीच धरून लाकडासारखा बसून राहिला, हलवलं तरी हलेना. आणि जरा वेळानं मागे कोसळला. कोणी हात लावला नाही. डावी भुवई फुटून हाड आत गेलेलं, बरगड्या मोडलेल्या, अंगभर तुडवल्याचे काळेनिळे डाग. जीव होता. रामटेकला नेला होता.

सासूबाईंनी कुसुमचा सुजलेला चेहरा पाहिला आणि विचारलं, हे कोणी केलं? कुसुम म्हणाली, त्यांनी. काल दुपारी. इतवारीत. चुलतभाऊ उठून उभा राहिला आणि चहा न पिता निघून गेला.

चार दिवसांनी आमचे हे दशरथाला बघून आले. रात्रीचं जेवण टाळलं. मला आत बोलावून विचारलं, "तू त्याले तांब्यानं मारलं का?" मी कोणाला तांब्याचं बोलले नव्हते. कुसुमही नाही. मी हो म्हटलं. तर म्हणे, दशरथ एवढंच बोलला — "तुमच्या बहिणीनं आवाज देल्ला, म्हणून गेलो. तिले पाठवू नका. तिनं अजून आवाज देल्ला तं मले जा लागन."

कुसुमला कोणी पाठवलं नाही. सासूबाईंनीच सगळ्यांना सांगून टाकलं, पोरगी इथंच राहील, ज्याला बोलायचं त्यानं माझ्यापाशी बोलावं. दशरथ एका डोळ्यानं पुष्कळ वर्षं जगला. कुसुम शिवण शिकली, अर्ध्या मौद्याचे ब्लाऊज तिनं शिवले, आणि पुढचे दोन दात नसताना जोरात हसायची.

माझा भाचा डॉक्टर आहे. तो म्हणतो, मावशी, त्याला फिट आली असेल आणि पाराच्या दगडावर पडला असेल. असेल बाबा. मग कुसुमला कोणी मारलं, विचारलं तर तो मोबाईल बघायला लागतो.

इतकी वर्षं झाली, मला काही उलगडा झालेला नाही. मी एका माणसाचं कपाळ फोडलं, आणि तो माणूस तिथं नव्हता. ह्यातलं कुठलं एक खोटं मानू, तुम्हीच सांगा... माझ्या हाताला ते हाड आठवतं, आणि डोळ्यांना तो रिकामा रस्ता.