टेकाडापल्याडची घंटा

आकाराम म्हंजे माझा पाठचा भाऊ. म्हसवडच्या अंगाला आमच्या घराएवढी मेंढरं कुनाची नव्हती, आन् मेंढरांच्या आवाजाचा कान आकारामएवढा कुनाला नव्हता. मी फौजेत गेलो, त्यो महाबळेश्वरच्या पायथ्याला गोल्फच्या मैदानावर गवत राखाय लागला. पयल्याच साली मुकादम झाला. आमचं रगातच तसलं.

पर ल्हानपनापास्नं त्याला एक भ्या हुतं. टेकाड आडवं आलं की थांबायचा. आमच्यात रीत हाय, कळप पल्याड उतरायच्या आदी हाळी द्यायची, आन् म्होरं गेलेल्या गड्याची पल्याडनं ओ आली की मगच उतरायचं. बाकीची पोरं हाळी देत देतच उतरायची. आकाराम ओ येईस्तवर पाय उचलायचा न्हाई.

मैदानात सातव्या होलला नेमकं मधीच टेकाड. खेळनाऱ्याला पल्याडचं कायबी दिसत न्हाई. मालक म्हनला, जेसीबी लावून काडून टाकू. मैदान आखनाऱ्या राजनंदिनी म्याडमनी आडवलं.

"पलीकडे जमीन वाटीसारखी आहे," त्या म्हनल्या. "बॉल कुठेही पडला तरी घरंगळत मधेच येतो. न दिसता मारायचं, धडधडत वर चढायचं, आणि बघावं तर बॉल हिरवळीवर. मजा त्यातच आहे."

"आन् पल्याड मानूस असला तर?" आकारामनं इचारलं.

"तिथे खांबावर घंटा टांगू. पुढचे खेळून निघाले की वाजवतील. मग मागच्यांनी मारायचं."

हाळी आन् ओ, दुसरं काय? आकारामला पटलं. घंटाबी त्यानंच दिली, आमच्या म्होरक्या बकऱ्याच्या जोडघंटेतली एक. लांबवर जानारा असा आवाज दुसऱ्या कुठल्या घंटेला न्हाई. जोडीतली दुसरी, हुबेहूब त्याच आवाजाची, बकऱ्याच्या गळ्यातच ऱ्हायली.

दिवाळी झाली आन् मेंढरं कोकनाच्या वाटंला लागली. संगं आकारामची बायकू, हरणाबाई. मैदान बंद असंल त्या दिवशी वाटीत चारायची मालकानं परवानगी दिलेली. ती एक दिस आदीच पोचली.

आकाराम अल्याड गवत कातरत हुता. खेळाय आलेला एक पावना काठी घिऊन घंटेसाठी खोळंबलेला. पल्याड घंटा वाजली. पावन्यानं काठी फिरवली, बॉल टेकाडावरनं दिसंनासा झाला.

घंटा परत वाजली. मग परत. आकारामचा हात थांबला. आवाज डाव्या अंगाचा उजव्या अंगाला गेला.

खांबावरची घंटा चालत न्हाई.

त्यानं कातर टाकली आन् पळत सुटला. "हरणेऽ!" ओ न्हाई. टेकाड केवढंसं, पर पाय वर येईनात. परत हाळी दिली. नुसती घंटा. माथ्यावर आला तवा खाली बगायचं धाडस हुईना. वाटीत सगळंच मधी घरंगळतंय, मेंढरंबी मधीच गोळा झालेली, आन् त्यांच्यात हरणाबाई खाली बसलेली, मान घालून.

त्यो धडपडत उतरला. तिच्या खांद्यावर घोंगड्याची घडी हुती. बॉल त्या घडीवर आदळला हुता. तिचा दम कोंडलेला, त्येच्यानं ओ फुटली नव्हती.

"आवं," ती कशीबशी म्हनली, "तुमच्यात दगडाचा पाऊस लागला व्हय?"

आकारामला हासू आलं न्हाई. त्यो तिच्याशेजारी बसला. घोंगडं बाजूला करून त्यानं तिचा खांदा चाचपला.

"माझीच घंटा," त्यो म्हनला. "मीच दिली गं."

सांजच्याला म्याडम आल्या. खांदा बगितला, डाक्टर बलावला. मग आकारामला म्हनल्या, "भीती मारणाऱ्याला वाटली पाहिजे, पलीकडच्याला नाही. ते जमत नसेल तर टेकाड काढलेलंच बरं."

"जमंल," आकाराम म्हनला.

दुसऱ्या दिशी सकाळी खांबावर रुळाचा तुकडा टांगलेला, शाळंत असतो तसला. घंटा परत बकऱ्याच्या गळ्यात, आन् हरणाबाईसंगं कळप कुंपनाभाईर. त्योच पावना काठी घिऊन हुबा. पल्याडनं रूळ ठणठणला. पावन्यानं काठी उचलली.

"थांबा सायेब," आकाराम म्हनला.

"अहो, वाजली की."

"व्हय. पर थांबा."

त्यानं तोंडाला हात लावून हाळी दिली. पावना काठी तशीच धरून हुबा. वाऱ्याशिवाय काय न्हाई. मग कुंपनापल्याडनं हरणाबाईची ओ आली, बारकी, दुखऱ्या अंगातली.

"आता मारा," आकाराम म्हनला, आन् डोळं मिटून घेतलं.