फादर मुलगा बघायला आले

बडोद्यातल्या मराठी कॅथलिक घरांत कुणाचं लग्न जमायचं असलं की फोन माझ्याकडे येतो. आम्ही इथे मूठभर. कुणाचे वडील रेल्वेत लागून आले, कुणाचे रिफायनरीत, मी नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात. मुळं सगळ्यांची नगर, संगमनेर, जालन्याकडची, त्यामुळे मुली आणायच्या तिकडून आणि द्यायच्याही तिकडेच. मधला माणूस मी. मला यात गती आहे, आणि हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. फोटो न् बायोडेटा आता मोबाइलवर येतात, पण माणसं कळतात ती घरी जाऊन बसल्यावरच. दाराबाहेरच्या चपला पाहून मी घर ओळखतो. बायको म्हणते, सगळ्या थापा आहेत. पण मी जमवलेली एकही जोडी मोडलेली नाही, तेव्हा तिने खुशाल म्हणावं.

माझा एक नियम मात्र पक्का. चहापोहे झाले की मुलाला आणि मुलीला एकटं बसू द्यायचं. मोठ्यांनी गच्चीवर जावं, गॅलरीत जावं, नाहीतर जिन्यात उभं राहावं. मुलीचा एखादा काका कान टवकारून तिथेच बसला, तर मी त्याला हाताला धरून उठवतो. लोक सुरुवातीला चिडायचे, आता सवय झाली आहे.

आमचा मुलगा एकुलता एक. युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. करत होता. त्याच्यासाठी मी संगमनेरचं एक स्थळ मनात धरून ठेवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, ‘‘पप्पा, मला धर्मगुरू व्हावंसं वाटतंय.’’

दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तो सयाजीगंजकडे जायचा. मला वाटायचं, पोरं जमून गिटार वाजवत असतील. तर तिथे एका घरात अशीच काही तरुण मुलं येत होती. एक जवळच्या पादरा गावाहून येऊनजाऊन बँकेत नोकरी करणारा, एक इंजिनिअर, एकदोन कॉलेजातले. फादर व्हावं असं वाटतंय खरं, पण ते देवाचं पाचारण आहे की नुसतं मनाचं खूळ, हे तपासून बघायला. एक फादर त्यांना वाट दाखवायचे. ज्याला हवं त्याने वर्षभर त्या घरात राहायचं, नोकरी-अभ्यास चालू ठेवायचा, आणि मग फादर होण्याच्या शिक्षणाला सेमिनरीत जायचं की घरी परतायचं ते ठरवायचं. मात्र आईवडिलांची संमती हवी, आणि ती विचारायला फादर स्वतः घरी येणार.

मला भयंकर राग आला. मी ताट सरकवून उठलो. फादर लोक मला फार आवडतात, मिस्सेला मी पुढच्या बाकावर बसतो. पण ते दुसऱ्यांच्या घरचे असावेत. आमच्या घरात पुढे सून नाही, नातवंड नाही, ही कल्पनाच मला सहन होईना. मी ठरवून टाकलं: येऊ देत फादरांना, आदराने बसवू, खायला घालू आणि गोड शब्दांत नाही म्हणून वाटेला लावू. नकार कसा द्यायचा हे मला कुणी शिकवायला नको.

रविवारी दुपारी फादर आले. गुजरातेतल्याच चरोतर भागातले, साठीचे, पायांत साध्या चपला, आणि दाराशी त्या जोडीने नीट ठेवलेल्या. मनात म्हटलं, हं. बायकोने पोहे केले होते, वर बारीक शेव. आणि इथे आमची सवय आम्हाला नडली. ट्रे घेऊन कोण बाहेर येतं? ज्याला बघायला आलेत ते! कुणी सांगायला नको, विचारायला नको, बायकोने ट्रे मुलाच्या हातात दिला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, मान खाली, कप किणकिणताहेत, असा आमचा सहा फुटी मुलगा बाहेर आला. मला हसू आवरेना. फादरांना त्यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, ‘‘पौंआ बहु सरस छे, बेन.’’

मग मी माझ्या नेहमीच्या चौकशीला लागलो. घरात माणसं किती? स्वयंपाक कोण करतं? घरी कधी सोडणार? पुढे किती वर्षं शिक्षण? आजारी पडला तर? म्हातारपणी बघणार कोण? फादरांनी न कंटाळता सगळ्याची उत्तरं दिली. एवढी सरळ उत्तरं मला कुठल्या वरपक्षाने दिली नव्हती, हे कबूल करायला हवं. वर्ष संपायच्या आत मुलगा परत आला तर? ‘‘तर आम्ही त्याला आनंदाने घरी आणून सोडू,’’ ते म्हणाले. ‘‘ते वर्ष त्यासाठीच असतं.’’

मग त्यांनी बायकोला विचारलं, मुलाला राग कशाचा येतो? ती पटकन म्हणाली, ‘‘त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी बोललेलं त्याला खपत नाही.’’ आणि माझ्याकडे बघितलं.

आता माझी पाळी, म्हणून मी सावरून बसलो. फादर म्हणाले, त्यांनी चर्चमध्ये माझ्या त्या नियमाबद्दल ऐकलंय, मोठ्यांना उठवून लावण्याच्या. आणि हसत विचारलं, ‘‘तमारा छोकरा जोडे तमे आम एकला बेठा छो?’’

मुलासोबत असा एकटा मी बसलो नव्हतो. ताट सरकवल्यापासून मी बायकोशी बोललो होतो, चर्चमधल्या दोघांशी बोललो होतो, नगरच्या भावाशी फोनवर तासभर बोललो होतो. मुलाशी नाही. फादरांनी आपली बशी उचलली आणि ते सरळ स्वयंपाकघरात बायकोकडे गेले. जाताना दार ओढून घेतलं.

आम्ही दोघं समोरासमोर. जगातल्या पोरांना बोलतं करणारा मी, मला तोंड कसं उघडावं ते सुचेना. शेवटी मी तोच प्रश्न विचारला जो मी सगळ्यांना विचारतो: ‘‘तुला कुणी आवडली नाही का रे कधी?’’

‘‘आवडली होती,’’ तो म्हणाला. ‘‘डिपार्टमेंटमधली. दीड वर्ष. फादरना सांगितलंय मी.’’

मला कुणी कानफटात मारावी तसं झालं. परक्या माणसाला सांगितलं आणि मला नाही! मी तसं बोललोही, बऱ्याच मोठ्या आवाजात.

‘‘तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्या रविवारी तिच्या घरी जाऊन नक्की करून टाकलं असतं ने, पप्पा,’’ तो म्हणाला. ‘‘आणि ते चांगलंच झालं असतं. तुमचं नेहमी चांगलंच होतं. पण मला ते हवं होतं की नाही, हे मला कधीच कळलं नसतं.’’

वाईट वाटलं, खूप वाटलं. आणि तो खरं बोलतोय हेही कळत होतं, कारण मी अगदी तसंच केलं असतं. पुढच्या रविवारपर्यंतही थांबलो नसतो.

‘‘बरं, मग आता माझ्याकडून तुला काय हवंय?’’

तो हाताची बोटं मोडू लागला. ‘‘खरं सांगू? तुम्ही नाही म्हणावं असं कालपासून वाटतंय. मला भीती वाटते. तुम्ही नाही म्हणालात तर मला ठरवावं लागणार नाही.’’

माझं नाही माझ्या जिभेवर तयारच होतं. एवढं सोपं काम मला आजवर कुठल्याच घरात मिळालं नव्हतं. पोरगा आपण होऊन पदरात पडत होता, वर आयुष्यभर मला दोषही देणार नव्हता. सून, नातवंडं, संगमनेर, सगळं जागच्या जागी. मी त्याच्याकडे बघितलं. खालचा ओठ दाताखाली धरलेला, अगदी त्याच्या आईसारखा. मी उठलो, दार उघडलं आणि फादरांना बाहेर बोलावलं.

‘‘माझी हरकत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘पण तो येणार की नाही, ते मी सांगणार नाही.’’

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. रागावला होता माझ्यावर, स्पष्ट दिसत होतं. तोंडातून शब्द निसटू नये म्हणून मी उरलेला गार चहा पीत राहिलो. शेवटी तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘हुं आवीश, फादर.’’ येईन म्हणाला, तेही गुजरातीत. मित्रांशी, रिक्षावाल्याशी, दुकानदाराशी तो गुजरातीच बोलतो. पण स्वतःच्या आयुष्यातलं काही त्याला त्या भाषेत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आवाज कापत नव्हता.

बायको हात पुसत बाहेर आली. आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघून तिने, नेहमीप्रमाणे, मला विचारलं, ‘‘अहो, काय ठरलं?’’

मी म्हणालो, ‘‘त्याला विचार.’’