शिवगंगाअक्कांचा शब्द

जळकोटच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात पोरी आणायचं काम शिवगंगाअक्कांचं. मी तिथं कॉम्प्युटर शिकवते. बोलण्यात अक्कांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जिभेवरच आम्हा सगळ्यांची भाकरी चालते.

पोरींचा प्रश्न कधीच नव्हता, अडायचं ते बापापाशी. इलेक्ट्रिशियनचा कोर्स म्हटलं की बाप विचारायचा, पोरगी खांबावर चढणार का? मोबाइल दुरुस्ती म्हटलं की पोरांच्या घोळक्यात बसणार का? शेवटी अक्कांना एक कोर्स सापडला, ज्याला कुठलाच बाप नाही म्हणत नव्हता. रुग्ण सहायक. बायकांत राहायचं, आजाऱ्याची सेवा करायची, वर पुण्य पदरात. मग अक्का उठता-बसता तेवढंच सांगायला लागल्या.

लातूरला जिल्ह्याच्या कौशल्य आराखड्याची बैठक झाली. साहेबांनी विचारलं, गावांची मागणी काय? अक्का उठून म्हणाल्या, रुग्ण सहायक. पाठोपाठ बाकीच्या तालुक्यांत अक्कांचंच काम करणाऱ्या बायकांनीही तेच सांगितलं, कारण तिकडचे बापही तसेच. इतकी एकवाक्यता बघून साहेब खूश. बापांची परवानगी पोरींची मागणी म्हणून आराखड्यात गेली आणि टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांचा अजून राग येतो.

त्याच वर्षी अंबिका आली, किराणा दुकानदार महादेवप्पांची थोरली. घरचा मिक्सर, दुकानाचा वजनकाटा, बिघडलेलं सगळं तीच उघडून बसायची. तिला वायरिंग शिकायचं होतं. पण बारावी होताच स्थळं यायला लागली होती, आणि लग्न तिला एवढ्यात नको होतं. नोकरी लागली तरच ते टळणार होतं. अक्का महादेवप्पांच्या दुकानात जाऊन बसल्या.

"आप्पा, लातूरला दवाखाने काय कमी हायत? लेकरू नोकरीला लागंल. मी शब्द देते."

महादेवप्पा गिऱ्हाइकाची साखर जोखत राहिले. मग म्हणाले, "तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो, अक्का. तवर लागली तर माझी ना न्हाई. न्हाई लागली तर मंग मला कुणी आडवू नका."

अंबिकानं वायरिंगचं नाव सोडलं आणि मन लावून शिकली. माणूस कुशीवर कसा वळवायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, बसवून कसं भरवायचं. वर्गात पहिली आली. श्रावणात अक्का तिला घेऊन लातूरचे दवाखाने हिंडल्या. जाईल तिथं निलंग्याच्या, औशाच्या, उदगीरच्या पोरी आधीच उभ्या, सगळ्यांकडे तेच प्रमाणपत्र. एका दवाखान्यातल्या बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, इतक्या पोरी ठेवू कुठं?" तरी अक्का दसऱ्यापर्यंत चकरा मारत राहिल्या. शेवटी अंबिकाच म्हणाली, राहू द्या.

तुळशीचं लग्न लागलं आणि महादेवप्पांनी आपला शब्द पाळला. स्थळ शिरूर अनंतपाळचं. मुलगा अमरेश, खतांचं दुकान. त्यांनी काहीच मागितलं नाही, मुलीनं हा कोर्स केलाय यावरच पसंती दिली. आप्पा स्वतः केंद्रात पेढे घेऊन आले. अक्कांनी पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही.

संक्रांतीनंतर अक्का आणि मी अंबिकाला भेटायला गेलो. आतल्या खोलीत तिची सासू कमलम्मा अर्धांगवायूनं पडलेली होती. लग्नाच्या बोलण्यात 'तब्येत जरा नरम असते' एवढंच कानावर आलं होतं. अंबिका त्यांना कुशीवर वळवत होती, अगदी शिकवलं होतं तसं.

अमरेश कौतुकानं म्हणाला, "अक्का, तुमी लई चांगलं शिकवलंय. आमी दोन बाया ठिवून पाहिल्या, एकबी टिकली न्हाई."

तो दुकानाला गेल्यावर अंबिका हात धुऊन आमच्याजवळ येऊन बसली. वाळली होती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, पण तिचा राग कुठं दिसला नाही.

"अक्का, एक इचारू? वर्गात सांगितलं हुतं, कामाची पाळी संपली की दुसरी बाई येती. तिला समदं समजावून सांगायचं, मंग आपन घरी जायचं." तिनं आतल्या खोलीकडं पाहिलं. "हितं दुसरी कवा येनार?"

अक्कांनी तिचा हात हातात घेतला. तेवढ्यात आतून कमलम्मा कण्हल्या आणि अंबिका हात सोडवून उठली.