रस्त्यापलीकडची भाभी

आमचा कुत्रा चावत नाही. हे वाक्य मी कळंब्याच्या रस्त्यावर इतक्या वेळा बोललेय की आता ते माझं मलाच खोटं वाटतं. चावत नाही, पण माणूस दिसला की पट्ट्याला लटकून, मागच्या दोन पायांवर उभा राहून असा काही बोंबलतो की समोरच्याला वाटावं, याच्या बापाचं आपण काहीतरी खाल्लंय. हेल्मेटवर भुंकतो, छत्रीवर भुंकतो, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या माणसावर तर जास्तच. म्हशींना मात्र काही म्हणत नाही. म्हशी आल्या की शहाण्यासारखा कडेला उभा राहून त्यांना वाट देतो.

मुलीनं त्याला रस्त्यावरून उचलून आणला, वर्षभर लाड केले, मग तिला बंगळूरला नोकरी लागली आणि ती गेली. कुत्रा राहिला. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत. उमेदीची सगळी वर्षं मशिनींच्या आवाजात गेल्यामुळं घरातलं भुंकणं त्याच्या कानांवरून जातं. तो एकदाच याला फिरवायला घेऊन गेला आणि एका पायात चप्पल घालून परत आला. तेव्हापासून हे खातं माझ्याकडं.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "तो रागीट नाही, घाबरट आहे. माणसं आणि त्याच्यात अंतर ठेवा. त्याला माणूस दिसेल पण भुंकावंसं वाटणार नाही, एवढं." डॉक्टर नक्की बाहेरगावचे असणार. कोल्हापुरात कोण कुणापासून अंतर ठेवतं? मी हात वर करून "नको, जवळ येऊ नका" म्हणायची आणि माणूस हसत हसत सरळ अंगावर. "मला काय करत न्हाय ओ कुत्रं. आमच्याकडं दोन हायत." असं म्हणून हात पुढं. मग कुत्र्यानं उडी मारली की दोन पावलं मागं सरून तोच माणूस मला विचारणार, "रोज मटण-वशाट घालताय व्हय काकी? म्हणून तापट झालंय." माझं डोकं इतकं फिरायचं की वाटायचं, उद्या भुंकायचं काम मीच करावं, कुत्र्याला जरा विश्रांती.

पण ही सगळी परकी माणसं होती, चालून गेलं. खरं दुखणं भाभीचं होतं.

भाभी आमच्या गल्लीतली, दोन घरं सोडून. ब्लाऊज शिवते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. मी तिला भाभी म्हणते, ती मला वहिनी. पोरं शाळेत होती तेव्हापासून आम्ही दोघी सकाळी कळंबा तलावापर्यंत चालत जायचो. व्यायाम हे नाव. खरं काम बोलणं. दिवसातला तेवढाच वेळ मी कुणाची आई नसायची की कुणाची बायको. आणि नेमकी भाभीच आमच्या कुत्र्याला सगळ्यात जास्त खुपायची. एक तर तिचा आवाज खणखणीत, दुसरं म्हणजे बोलताना दोन्ही हात हवेत, आणि तिसरं, गळ्यातली मापाची टेप काढायची ती नेहमी विसरते. ती टेप लोंबताना दिसली की याला काय वाटायचं कुणास ठाऊक, साप बघितल्यासारखा करायचा.

म्हणून मी लांबून भाभी दिसली की वळायला लागले. कधी दुसऱ्या गल्लीत, कधी उभ्या ट्रकच्या मागं. सांगायचं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला असेल. एक दिवस दुपारी दारात भाभी. कुत्रा मी घाईनं मोरीत कोंडला, तो आत दार खरवडत बसला. भाभी आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "वहिनी, तो लग्नसराईत शिवलेला ब्लाऊज आण. दंडात घट्ट झालाय न्हवं? उसवून देतो."

मला काही कळेना. "ब्लाऊज छान बसलाय की."

"मग माझं काय चुकलं? मला बघितल्यावर ट्रकमागं लपतीस. गल्लीत समद्यांनी बघितलंय."

एवढे दिवस ही बाई रात्री मशिनीवर बसून माझ्या ब्लाऊजच्या शिवणी आठवत होती. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं अंतर, हात, टेप. ती ऐकत राहिली. मग मोरीकडं बघून म्हणाली, "म्हंजे या मुडद्यापायी?" आणि अशी हसली, की आत कुत्र्यानं पुन्हा आकाशपाताळ एक केलं.

"मग मी पलीकडनं चालतो की," ती म्हणाली. "रस्ता काय आपल्या बापाचा हाय? रुंद हाय चांगला."

दुसऱ्या दिवसापासून ती रस्त्याच्या त्या कडेनं, मी आणि कुत्रा या कडेनं. डॉक्टरांचं अंतर मिळालं आणि बोलणंही थांबलं नाही, कारण भाभीचा आवाज चार पदरी रस्त्यालाही पुरला असता. मला मात्र ओरडून बोलायची सवय करावी लागली. आमच्या दोघींच्या मधून दुधाच्या गाड्या, शाळेच्या रिक्षा, एसटी जायची, आणि त्या सगळ्यांवरून भाभी विचारायची, "वहिनीऽ, नवऱ्याचं पोट साफ झालं काय?" एकदा मोटरसायकलवरून जाणाऱ्या एकानं मान न वळवता उत्तर दिलं, "झालं, झालं." चार दिवस मी नवऱ्याला हे सांगितलं नाही.

कुत्रा पहिले काही दिवस भुंकला, मग नुसता गुरगुरला, मग त्या आवाजाला सरावला. पुढं पुढं तर कोपऱ्यावर आलो की थांबून रस्त्यापलीकडं भाभीला शोधायचा. पण तिनं या बाजूला यायला एक पाऊल टाकलं की झालं सुरू.

मागच्या उन्हाळ्यात भाभीच्या लेकानं पुण्यात मोठा फ्लॅट घेतला आणि आईला कायमची न्यायचं ठरवलं. ही बातमीही मला रस्त्यावरूनच कळली, म्हणजे माझ्याबरोबर सगळ्या कळंब्याला. "लिफ्ट हाय! खाली बाग हाय!" भाभी सांगायची आणि लोक थांबून म्हणायचे, नशीब काढलंत. मीही ओरडून म्हटलं, बरं झालं. घरी येऊन भांडी आपटली.

जायच्या आदल्या सकाळी तलावाच्या अलीकडं ती बोलता बोलता एकाएकी रस्ता ओलांडायला लागली. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत निम्म्यात आली होती. मी पट्टा विजेच्या खांबाला दोन वेढे मारून दोन्ही हातांनी धरला. कुत्रा वेडापिसा झाला होता, कानठळ्या बसत होत्या. भाभी तशीच आली, माझ्या खांद्याला धरलं आणि तोंड माझ्या कानाशी आणलं. तिचं हळू बोलणं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

"मला जायाचं न्हाय गं वहिनी. पोरगं एवढ्या हौसेनं नेतंय. कसं सांगू त्याला?"

मला तिचा राग आला, तिच्या लेकाचा आला, आणि रडूही आलं. काही बोलले असते तरी त्या भुंकण्यात तिला ऐकू आलं नसतं. मी नुसती मान हलवली. तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"बरं भुंकतंय," ती म्हणाली. "कुणाला ऐकू गेलं न्हाय."

मग ती पलीकडं परत गेली. कुत्रा शांत झाला. थोडं चालून झाल्यावर तिकडून नेहमीच्या आवाजात हाक आली, "वहिनीऽ, त्या लिफ्टला आरसा हाय म्हणं!"

आता ती सकाळी फोन करते. मी फिरायला निघालेली असते, फोन स्पीकरवर टाकून हातात धरते. पहिले काही दिवस मला तिचं निम्मं ऐकूच यायचं नाही. मी विचारलं, "एवढं हळू काय बोलतेस?" तर म्हणाली, "हितं भिंती पातळ हायत. सून म्हणती, आम्मी, शेजारी काय म्हणतील." तिचं ते खालच्या पट्टीतलं बोलणं मला दुखणाईत माणसासारखं वाटायचं.

परवा आम्ही कोपऱ्यावर होतो. ती तशीच पुटपुटत होती, आणि समोरून हेल्मेटवाला आला. कुत्र्यानं सुरू केलं. मी म्हटलं, "थांब, ठेवते, नंतर बोलू."

"ठेवू नगंस," ती म्हणाली. मग फोनमधून एकदम तिचा जुना, रस्ता ओलांडून येणारा आवाज आला, "गप की मुडद्या!"

तो गप्प झाला, आणि मान वळवून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला बघत राहिला.