पापणी उचलून पाहणारा

सर्वांच्या नेत्रांना तेज देणाऱ्या सूर्यनारायणास वंदन करून, आज रथसप्तमीस एका माणसाविषयी लिहीत आहे. अर्घ्यासाठी तांबडी कण्हेर दरवर्षी तोच आणून देत असे.

सीताबर्डीच्या वाटेवर, आमच्या देवळाच्या पायरीशी तो हार गुंफीत बसे. वाचकहो, तुम्हीही त्याला पाहिले असेल. हाक मारली की हार मांडीवर ठेवी, तर्जनीने डावी पापणी वर उचली आणि म्हणे, "थांबा गुरुजी, खिडकी उघडून राहिलो." ती पापणी लहानपणापासून जाड होऊन डोळ्यावर ओघळलेली. अंगभर मऊ गाठी. संसर्गाच्या भीतीने काही जण त्याच्या हातचा हार टाळीत. "लागट नाही जी हे," एवढेच तो सांगे. घासाघीस करणाऱ्याला मात्र पापणी उचलून म्हणे, "थांबा, तुमच्याकडे दोन्ही डोळ्यानं पायतो." गिऱ्हाईक हसून पैसे काढी.

त्याला मुलगी झाली. बारशाला तिला माझ्या मांडीवर देऊन त्याने दुपटे बाजूला केले. पोटापाठीवर दुधाळ चहाच्या रंगाचे सात-आठ डाग होते.

"गुरुजी, माह्यासारखं तर नाही होणार ना हिले?"

मी सामुद्रिक, म्हणजे अंगावरच्या खुणांवरून भाग्य सांगण्याचे शास्त्र, पढलेला. एक श्लोक म्हटला आणि सांगितले, ही भाग्यचिन्हे आहेत. त्याचा चेहरा असा उजळला की मला माझ्या विद्येचा अभिमान वाटला.

सहाव्या वर्षी मुलगी वहीला नाक लावून लिहू लागली. शाळेतल्या बाईंनी डोळे तपासायला सांगितले. दवाखान्यात मीही सोबत गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुबुळावर बारीक तपकिरी दाणे आहेत, त्यांनी दृष्टी जात नाही. पण डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ आहे. आजार वडिलांकडून आलेला. मग पाठीवरचे डाग पाहून त्यांनी विचारले, ही याच आजाराची पहिली खूण, हे डाग तान्हेपणी कुणाला दाखवले नाहीत का? दरवर्षी डोळे तपासले असते, तर गाठ वेळेत सापडली असती.

मी भिंतीकडे पाहत राहिलो.

तो म्हणाला, "आमच्या ध्यानातच नाही आलं, बाई."

औषधांनी एक डोळा वाचला. दुसरा गेला. परतताना बसमध्ये मी क्षमा मागू लागलो, तर त्याने माझा हात दाबला. "तुमाले काहून दोष देऊ? मले बी तेच आयकाचं होतं."

यंदाच्या पौषात साध्या तापाचे निमित्त होऊन तो गेला. आज कण्हेर घेऊन मुलगी आली. मान किंचित वळवून, एका डोळ्याने अंदाज घेत तिने फुले माझ्या ओंजळीत ठेवली. "बाबांनी सांगून ठेवलं होतं," म्हणाली. त्याच फुलांनी मी अर्घ्य दिले.

आता बारशाला मांडीवर बाळ आले आणि असे डाग दिसले, तर मी श्लोक म्हणत नाही. डॉक्टरांकडे जा, म्हणतो.

वाचकहो, तो सहस्ररश्मी तुमच्या घरातील लहानथोरांची दृष्टी सांभाळो. आणि ज्याच्या शब्दावर तुम्ही विसंबता, त्याला "मला ठाऊक नाही" म्हणण्याची बुद्धी देवो.