उपरण्याखालचा भाव

आमचे थोरले बंधू मुंबईच्या असेंब्लीत निवडून गेले तेव्हा बारामतीच्या पेठेत सगळ्यात जास्त गुलाल उधळला तो अडत्यांनी. मतं दिली होती बारामती-इंदापूरच्या बागायतदारांनी, पण मिरवले हे. आपला माणूस सरकारात बसला, आता पेठेला कोण हात लावतो, अशी त्यांची समजूत. मला तेव्हाच हसू आलं होतं. दादांना मी ओळखत होतो, पेठ ओळखत नव्हती.

आमची गुळाची अडत. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, तशा सणसर, अंथुर्ण्याकडून गुळाच्या गाड्या आमच्या दारात लागायच्या. शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, बाहेरगावच्या खरेदीदाराला विकून द्यायचा आणि मध्ये आपली दलाली घ्यायची, एवढाच धंदा. पण भाव तोंडानं बोलायचा नाही, ही पेठेची रीत. ढेप फोडून चव बघितली की अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालत आणि एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवत. मालाचा धनी शेजारीच उभा असे. त्यानं तिकडं बघायचं नाही, मान वळवून उभं राहायचं. उपरणं उचललं की मग त्याला कळायचं, त्याच्या वर्षभराच्या मेहनतीचं काय झालं ते. दादांची बोटं तर पेठेत नावाजलेली. समोरचा आणखी किती ताणेल हे ते नुसत्या त्याच्या पंजावरून ओळखत.

असेंब्लीत सगळे इंग्रजीत बोलणारे वकील-बॅरिस्टर. दादांचं शिक्षण मराठी शाळेतलं, त्यामुळे पहिले काही महिने ते गप्प बसून ऐकत राहिले. मग बाजार सुधारण्याचा विषय निघाला आणि हा माणूस उठला, चक्क मराठीत बोलला. मी स्वतः अडत्या आहे, म्हणाले, उपरण्याखाली काय चालतं ते मला विचारा. खरेदीदाराशी एक भाव ठरतो, शेतकऱ्याला दुसराच सांगतात. ही रीत बंद करा, भाव चारचौघांत उघड बोलला जाऊ द्या. म्हणे सगळं सभागृह कान देऊन ऐकत होतं. स्वतःच्या धंद्याबद्दल असं बोलायला छाती लागते, आणि ती त्यांच्यात होती.

इकडं पेठ पेटली. आम्ही याला मोठा केला आणि यानं आमच्याच ताटात माती कालवली, असं जो तो बोलू लागला. दादा दौंडच्या छोट्या गाडीतून उतरले तेव्हा स्टेशनवर एकही अडत्या फिरकला नाही. ते घरी न जाता सरळ दुकानात आले, टोपी काढून ठेवली आणि म्हणाले, "कायदा व्हायचा तेव्हा होईल. आपल्या गादीवर उद्यापासून भाव तोंडानं सांगायचा."

माझं डोकंच फिरलं. तुम्ही मुंबईला जाऊन बसणार आणि इथं शिव्या मी खायच्या काय, म्हणालो. दुकान बुडालं तर?

"बुडालं तर बुडू दे," ते म्हणाले. "तिथं एक बोलायचं आणि इथं दुसरंच करायचं, असली मेंबरकी मला नको."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी चरफडत गादीवर बसलो.

आणि दुकान खरंच बुडायला लागलं. उघड बोलीत भाव चढवावा लागेल, म्हणून खरेदीदारांनी एकी करून आमची पायरी चढायचं सोडलं. गाड्या आमच्या दारावरून पुढं शेजारच्या अडतीवर जाऊ लागल्या. शेतकऱ्यांना तरी काय दोष देणार? दादा पुन्हा मुंबईला गेलेले. सणसरचे एक म्हातारे तात्या तेवढे हट्टानं आमच्याकडंच माल उतरवून बसले होते. हवा दमट होत चालली, त्यांच्या ढेपांना पाझर सुटू लागला. वडिलांनी मांडलेली गादी माझ्या हातानं गुंडाळायची वेळ येणार, या विचारानं मला अन्न गोड लागेना.

अशात एक दिवस आमचा जुना खरेदीदार आला. दादा मुंबईत आहेत, कोण बघतंय, उपरणं टाका, सगळी थप्पी उचलतो, म्हणाला. मला हायसं वाटलं. मी उपरणं टाकलं आणि हात खाली घातला. त्यानं माझी बोटं धरली, तशी तात्यांनी सवयीनं मान वळवली आणि ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

अशा वळलेल्या माना मी जन्मभर बघत आलो होतो, कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा असेंब्लीत कशासाठी उठले होते ते मला तिथं, गादीवर बसून कळलं. मी हात बाहेर ओढला, उपरणं खांद्यावर टाकलं आणि भाव तोंडानं सांगितला. तोंडाला सवय कुठली? आवाज चिरकला, आणि बोटं आपली मांडीवर दाबतच होती.

खरेदीदार उठला आणि चपला शोधू लागला. तेव्हा तात्या भिंतीकडून वळले.

"शेठ, जायाचं तर जावा," ते त्याला म्हणाले. "पर किती देनार हुता, तेवढं तोंडानं सांगून जावा. केस पिकलं माझं, पर माझ्या गुळाची बोली मी अजून ऐकली न्हाय."

हमालांनी हातातलं काम थांबवलं. शेठ एक पाय चपलेत घालून उभे राहिले. मग खाली बघत त्यांनी आपला भाव सांगितला. तात्यांनी तो नीट ऐकून घेतला.

"कमी हाय," ते म्हणाले.

शेठ परत खाली बसले.