पाठ न फिरवता

पाळणाघराच्या ताईंना एक सवय होती. दुपारी मुलं झोपली की त्या खोलीतून उलट्या पावलांनी बाहेर पडत. तोंड मुलांकडे, एक हात मागे दाराची कडी चाचपणारा, टाच उंबरठा शोधणारी. पाठ फिरवली की एखादं तरी डोकं वर होतंच, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की आपण असं चालतो हे त्यांच्या ध्यानातही येत नसे. एका मुलाच्या वडिलांनी त्यांना चिडवलं होतं, की ताई, दरबारातून निघाल्यासारख्या निघता. "राजेच आहेत ते," ताई म्हणाल्या होत्या. "उठले की राज्य करतात."

सगळी गल्ली त्यांना ताई म्हणे. एकटी ठमी काहीच म्हणत नसे. ठमी ही त्यांच्या नवऱ्याची पहिल्या बायकोपासूनची मुलगी, वय तेरा. तिची आई जाऊन तीन वर्षं झाल्यावर ताई लग्न करून त्या घरात आल्या होत्या. मुलगी उद्धट मुळीच नव्हती. आपलं ताट उचलून ठेवी, विचारलं तेवढं सांगे. पण हाक मारायची वेळ आली की गुपचूप समोर येऊन उभी राही. ताईंनी आजवर कितीतरी रडकी पोरं कडेवर घेऊन शांत केली होती. या न रडणाऱ्या पोरीपुढे मात्र त्यांची मात्रा चालत नव्हती.

ठमीचा सगळा जीव एका व्हिडिओ गेममध्ये होता. टीव्हीवर एक जादूचं राज्य दिसे, पडके किल्ले, राक्षस, आणि त्यांच्याशी लढणारी, ठमीने स्वतः घडवलेली एक योद्धा बाई. खेळ सुरू करताना ठमीने सर्वांत अवघड पातळी निवडली होती. बाईला जीव एकच. मेली की कायमची गेली. एकदा टीव्हीवरची धूळ पुसताना ताईंनी त्या बाईला जवळून पाहिलं. वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली, हनुवटीवर तीळ. बाहेरच्या खोलीतल्या फोटोत ठमीची आई अशीच उभी होती. ताईंनी काच पुसली आणि याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही.

मग ठमी सायकलवरून पडली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. आदल्याच दिवशी योद्धा बाई एका भुयारी महालात उतरली होती आणि तिच्यामागे महालाचा दरवाजा बंद झाला होता. बाहेर पडायची वाट फक्त खजिन्याच्या गुप्त खोलीतून, आणि ती खोली कुठे आहे हे शोधणं हेच कोडं. येत्या रविवारी संध्याकाळी खेळातला तो महाल जमिनीत गडप होणार होता, आत जो असेल त्याच्यासकट. उत्तर नेटवर बघणं म्हणजे कॉपी करणं, असं ठमीचं ठाम मत. वडिलांना बसवून पाहिलं, तर त्यांनी बाईला दोनदा खांबावर आपटलं. ते लिफ्ट दुरुस्त करायचं काम करत; कुठलीशी लिफ्ट बिघडल्याचा फोन आला तेव्हा ते सुटका झाल्यासारखे पळाले.

रविवारी दुपारी ठमी स्वयंपाकघरात येऊन समोर उभी राहिली.

"तुम्ही फक्त बघायचं," ती म्हणाली. "चालवणार मी."

गेमच्या रिमोटवर दोन दांड्या होत्या. डावीने बाई चाले, उजवीने तिची नजर फिरे. दोघी सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसल्या, मध्ये एकच रिमोट, त्यावर ठमीचा डावा अंगठा आणि ताईंचा उजवा. सुरुवातीला ताईंनी नजर थेट छताकडे नेली.

"जळमटं बघताय का?"

"आहेत खरी," ताई म्हणाल्या.

ठमीच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण लगेच जागेवर आला.

शेवटच्या दालनाच्या कमानीवर अक्षरं कोरली होती: चोर पाठ फिरवून जातो, राखणदार फिरवत नाही. ठमीच्या मते याचा अर्थ, राखणदारांच्या पाठीमागून निसटायचं. वर्गातल्या एका मुलाने तसंच केलं होतं आणि त्याचा योद्धा गेला होता. पण दुसरं काही तिलाही सुचत नव्हतं.

आत दोन्ही बाजूंना काळी दरी आणि मधून दगडी वाट. वाटेच्या टोकाला सात दगडी शिपाई अर्धगोलात बसलेले, डोळे मिटलेले, मांडीवर तलवारी. मागे कोरी भिंत. खोलीचा पत्ता नाही. ठमी बाईला त्यांच्या अगदी जवळ घेऊन गेली. ताईंनी नजर डावीकडे नेली, परत आणली, तर उजवीकडचा शिपाई उभा होता. उजवीकडे वळवली, तर डावीकडचे दोघे पुढे सरकलेले. जो नजरेत असेल तो मात्र ठार दगड.

"वळव! पळायचंय!" ठमी ओरडली. "कमानीकडे वळव ना!"

समोर फोटोतली वेणी आणि त्या वेणीवर रोखलेल्या तीन तलवारी. अंगठा घसरला तर या मुलीची आई पुन्हा एकदा जाणार, आणि या वेळी आपल्या हातून. पण अंगठा काही केल्या वळेना.

"ही झोपेचं सोंग घेणारी पोरं आहेत," त्या म्हणाल्या. "बघत राहिलं तरच पडून राहतात. मागे चल."

"मागे दिसत नाही. दरी आहे."

"सरळ मागे. मी यांच्यावरची नजर काढत नाही."

ठमीने त्यांच्याकडे पाहिलं. ताई टीव्हीकडेच बघत होत्या, पापणी न लववता, आणि त्यांची टाच सोफ्याखाली फरशी चाचपत होती. ठमीने श्वास घेतला आणि दांडी मागे ओढली.

एक पाऊल मागे. नजरेत चार शिपाई मावले. आणखी थोडं, पाच झाले. कडेचा दगड ढासळून दरीत गेल्याचा आवाज आला आणि ठमीचा अंगठा थांबला. नजरेबाहेरचा शिपाई कुठे पोचला होता कोण जाणे. "थांबू नकोस," ताई हळूच म्हणाल्या, मुलं झोपलेल्या खोलीत बोलावं तशा. ठमी पुन्हा मागे सरकू लागली. सहा. मग अगदी डाव्या कडेला सातवा दिसला, तलवार उगारलेला, आणि दिसताक्षणी दगड झाला.

सातही जण एकदम नजरेत आले. सातही जणांनी तलवारी खाली टेकवल्या. बाईच्या मागे दगड सरकल्याचा आवाज झाला. ज्या कमानीतून सगळे आत शिरत, तिच्याच शेजारच्या भिंतीत ती खोली होती, येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीमागे. योद्धा बाई उलट्या पावलांनी आत गेली आणि समोरचं दार मिटलं.

ठमीच्या प्लास्टरचा ताईंच्या दंडावर रुतलेला काठ आता कुठे ताईंना जाणवला.

"आता वळव," ठमी म्हणाली. "हळू."

ताईंनी नजर वळवली. सोनंनाणं, मुकुट, बाहेर जाणारा जिना, आणि भिंतीला टेकवलेली लख्ख घासलेली ढाल. ढालीत बाईचा चेहरा उमटला होता, तीळ आणि वेणीसकट. ठमीने बाईला जिन्याकडे नेलं नाही.

"आई वेणी रोज अशीच घालायची," ती म्हणाली. "घाईत असली की मग सैल."

ताईंनी अंगठा हलवला नाही. नजर होती तिथेच, ढालीवर ठेवली.

"सांग," त्या म्हणाल्या.